रोल संपवण्यासाठी काढलेले फोटो

गेल्या पावसाळ्यात काकांच्या कपाटाची आवराआवर करताना निगेटिव्हची एकोणीस पाकिटे माझ्या वाट्याला आली. काकांचे अल्बम घरात सर्वांना तोंडपाठ होते; दिवाळीत पाहुणे जमले की काळ्या पानांचे ते दोन जाड अल्बम हमखास बाहेर निघत आणि कोणत्या फोटोवर कोण कोणता विनोद करणार हेही ठरलेले असे. ही पाकिटे मात्र कोणी उघडून पाहिल्याचे कोणालाच आठवत नव्हते. स्टुडिओच्या पिवळट कागदी पाकिटात बटर पेपरची घडी, तिच्या आत तीन-तीन चौकटींचे कापलेले तुकडे आणि पाकिटावर काकांच्या अक्षरात तारीख व दोन शब्द, एवढाच प्रत्येकाचा ऐवज होता.

टॅबलेटचा पडदा पूर्ण पांढरा करून त्यावर निगेटिव्ह ठेवायची, वरून मोबाइलने तिचा फोटो घ्यायचा आणि मग ॲपमध्ये काळ्याचे पांढरे करायचे, ही युक्ती आता पुष्कळांना ठाऊक आहे. मीही तेच केले आणि एका संध्याकाळी दोन रोल या गतीने महिनाभरात सगळी पाकिटे पाहून संपवली. फिल्मच्या कडेला आकडे छापलेले असल्यामुळे तुकडे ओळीने लावता येतात, आणि ते तसे लावल्यावर प्रथमच माझ्या लक्षात आले की एका रोलवर बारा फोटो असले तरी अल्बममध्ये त्यांतले पाच, फार तर सहाच आहेत. उरलेल्यांची प्रत कधी काढलीच गेली नव्हती. म्हणजे १९६६ ते १९७४ या काळातल्या पुण्यातल्या एका मित्रमंडळाचे जे तारुण्य आम्ही इतकी वर्षे पाहत आलो, त्याचा निम्म्याहून अधिक भाग कपाटात, बटर पेपरच्या घडीत पडून होता.

त्याआधीचे फोटो आमच्या घरात जवळजवळ नाहीतच. आमचा वाडा नारायण पेठेत, नदीपासून हाकेच्या अंतरावर होता. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही फुटले, आणि तळमजल्यावरच्या ट्रंकांत जे जे होते ते चिखलाबरोबर गेले. आजोबांच्या मुंजीचा म्हणून सांगितला जाणारा, स्टुडिओत पडद्यापुढे काढलेला एक फोटो माडीच्या भिंतीवर उंच टांगलेला असल्यामुळे तेवढा वाचला. नदीकाठच्या पेठांतल्या किती घरांची चित्रस्मृती अशी १९६१ नंतरच सुरू होत असेल, याचा कधीतरी कोणी नीट अभ्यास केला पाहिजे.

काकांचा कॅमेरा आग्फा क्लिक थ्री. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने भारतात तयार केलेला हा काळा, प्लास्टिकच्या अंगाचा, हाताळायला अगदी सोपा कॅमेरा त्या पिढीतल्या असंख्य घरांत होता. अमेरिकेत कोडॅकने १९०० साली ब्राउनी नावाचा कॅमेरा एका डॉलरला विकायला काढला, तेव्हापासून तिकडे शाळकरी पोरांच्या हातीसुद्धा कॅमेरा आला. आपल्याकडे मध्यमवर्गात हे घडायला पुढची साठेक वर्षे जावी लागली, आणि १९५७ नंतर परकीय चलनाच्या टंचाईमुळे आयातीवर आलेल्या निर्बंधांच्या काळात जे घडले ते अशा देशी बनावटीच्या कॅमेऱ्यांमुळे घडले. तरीही कॅमेरा ही एकट्याच्या ऐपतीची वस्तू नव्हतीच. काकांना पिंपरीच्या एका कारखान्यात नुकतीच नोकरी लागली होती, बाकीचे चौघे अजून शिकत होते किंवा नोकरी शोधत होते. पाच जणांनी वर्गणी काढून तो घेतला आणि तो महिन्यामहिन्याने घर बदलत फिरत राहिला. रोलचा, तो धुण्याचा आणि प्रती काढण्याचा हिशेब एका वहीच्या मागच्या पानांवर आहे. प्रत म्हणजे बहुधा निगेटिव्हच्याच आकाराची, सव्वादोन इंचांची चौकोनी कॉन्टॅक्ट प्रिंट. मोठी प्रत काढायची झाल्यास तिला पाच जणांची संमती लागे.

पहिला रोल सिंहगडाचा आहे. पाकिटावर तारीख जुलै १९६६ ची. त्या काळी सायकली डोणजे गावात कोणाच्या तरी अंगणात लावून आतकरवाडीहून पायी चढायचे, वर पिठले-भाकरी आणि मडक्यातले दही खायचे, देवटाक्याचे पाणी प्यायचे आणि उजेडात खाली उतरायचे, असा रिवाज होता. अल्बममध्ये या दिवसाचे दोनच फोटो आहेत. एकात तानाजीच्या समाधीपाशी सगळे हात बांधून ओळीत उभे, दुसऱ्यात कल्याण दरवाजात एक जण कमरेवर हात ठेवून दूर क्षितिजाकडे पाहतो आहे. गडावर चढताना इस्त्रीची पँट आणि चामडी बूट घातले जात, हे या फोटोंवरून आम्हांला ठाऊक होतेच. त्या क्षितिजाकडे पाहणाऱ्या काकांच्या डोळ्यांवर काळा गॉगल आहे आणि खांद्याला कातडी कव्हरातला ट्रान्झिस्टर आहे. त्यावरून आमचा काका त्या वेळी मोठा शौकीन होता, असा आमच्या पिढीचा समज झाला होता.

निगेटिव्हची पट्टी लावल्यावर त्या समजाचे काय झाले ते सांगण्यासारखे आहे. तिसऱ्या चौकटीत तोच गॉगल वेगळ्या मित्राच्या डोळ्यांवर आहे, चौथ्यात काकांच्या, पाचव्यात तिसऱ्याच कोणाच्या, आणि सहाव्यात चष्म्याचा मोठा नंबर असलेल्या एका बिचाऱ्याने चष्मा काढून तो लावला आहे व त्यामुळे त्याला कॅमेरा कोठे आहे हेच नीट दिसत नसावे, कारण तो भलतीकडे पाहून हसतो आहे. ट्रान्झिस्टरही तसाच खांद्याखांद्यावरून फिरतो. जागा तीच, दरवाजा तोच, कमरेवरचा हातही तोच. प्रत्येकाने आपापल्या घरच्या अल्बमसाठी आपली एक प्रत नेली असणार, आणि पुण्यातल्या पाच घरांत आज पाच शौकीन काका असणार. ट्रान्झिस्टर ज्याच्या घरचा होता त्याच्याकडे टपाल कार्यालयातून काढलेला रेडिओचा वार्षिक परवाना असे आणि बुधवारी रात्री बिनाका गीतमाला ऐकायला बाकीचे चौघे त्याच्याच घराच्या ओट्यावर जमत, हे मला पुढे आत्याने सांगितले.

ते ओट्यावरचे जमणे मात्र फोटोत कोठेच नाही, आणि याचे कारण साधे आहे. फ्लॅश नव्हता. उजेडासाठी या कॅमेऱ्यावर निवड करायची ती सूर्याचे चिन्ह की ढगाचे, एवढीच. त्यामुळे साधारण सकाळी नऊ ते दुपारी चार या वेळेच्या बाहेर जे घडले ते घडलेच नाही अशा थाटात हे अल्बम दिसतात. साठच्या दशकात पेठेतल्या तरुण मुलांची खरी मौज तर दिवस मावळल्यावर सुरू होई. साठ वॉटच्या दिव्याखाली बोरिक पावडर भुरभुरून चाललेला कॅरम, मेंढीकोट आणि बदाम सात, नऊ ते बाराचा सिनेमा आणि त्यानंतर लक्ष्मी रस्त्यावरून पायी परतणे, कॉलेजच्या स्नेहसंमेलनातले फिशपाँड, गणपतीतल्या रात्री, यांतले काहीही या निगेटिव्हवर उतरलेले नाही. १९५३ साली भीमसेन जोशींनी सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या मैफली तेव्हा रात्र-रात्र चालत. काका आणि त्यांचे मित्र सतरंजी आणि मफलर घेऊन तेथे न चुकता जात, आणि त्याच्या आठवणी त्यांनी आम्हांला शेकडो वेळा सांगितल्या. फोटो एकही नाही. जुन्या अल्बमवरून एखाद्या पिढीच्या करमणुकीचा अंदाज बांधू पाहणाऱ्याला असेच वाटेल की ही मुले फक्त गड चढत होती, बागेत बसत होती आणि उन्हात डोळे बारीक करून हसत होती.

विसर्जन मिरवणुकीचा एक फोटो अपवाद म्हणून सांगता येईल, पण तो मिरवणुकीचा नाहीच. मिरवणूक दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चालत असल्यामुळे ऊन पडल्यावर काढलेल्या त्या चौकटीत चौघे जण एका बंद दुकानाच्या फळीवर एकमेकांच्या खांद्यावर मान टाकून झोपलेले आहेत, केसांत गुलाल आहे, आणि एकाच्या मांडीवर झांजा तशाच राहिल्या आहेत. अल्बममध्ये हा फोटो नाही. मला तो एकोणीस पाकिटांतला सर्वांत चांगला फोटो वाटतो.

त्याचा क्रमांक अकरा आहे, आणि मला जे सांगायचे आहे ते या आकड्याशी निगडित आहे. रोल महाग, त्यामुळे तो पुरवून पुरवून वापरायचा. आषाढातला सिंहगड, भाद्रपदातला गणपती आणि कार्तिकातली दिवाळी एकाच रोलवर, असा हिशेब सर्रास दिसतो. पहिल्या आठ-नऊ चौकटी प्रसंगासाठी राखलेल्या असत. त्या वेळी आधी जागा निवडली जाई, मग भांग पाडला जाई, चार पावले मागे मोजली जात, सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी येईल असे सर्वांना वळवले जाई, आणि मग कोणीतरी “हलू नका” म्हणे. पण रोल अर्धवट असताना धुवायला देणे म्हणजे पैसे वाया घालवणे. सिंहगडाचे फोटो पाहायची घाई तर सर्वांना झालेली. अशा वेळी उरलेल्या दोन-तीन चौकटी लवकर संपवण्यासाठी जे समोर असेल त्याचा फोटो काढून टाकला जाई. जवळजवळ प्रत्येक रोलच्या शेवटी हे फुकटचे फोटो आहेत, आणि काकांनी प्रती काढायला दिलेल्यांत त्यांतला एकही नाही. पाकिटांवर हव्या त्या क्रमांकांसमोर पेन्सिलीने खूण आहे. दहा, अकरा आणि बारा या आकड्यांसमोर ती जवळपास कधीच नाही.

तर या दहा, अकरा आणि बारा क्रमांकांवर काय आहे? वाड्याच्या चौकातल्या नळाजवळ दाढीचा फेस तोंडाला लावून उभा असलेला मित्र. उलटी करून ठेवलेली सायकल आणि तिची साखळी बसवताना काळे झालेले दोन हात, ज्याचे हात त्याचे डोके चौकटीबाहेर. ओट्यावर पालथी घातलेली कॅरमची सोंगटी-पेटी आणि तिच्यावर बसलेले मांजर. एका इराण्याच्या हॉटेलाच्या दारात, आत अंधार असल्यामुळे बाहेर येऊन उन्हात उभे राहून बशीतून चहा पिणारे दोघे; त्यांना फोटोची कल्पना नाही आणि दोघांत काहीतरी गंभीर वाद चालू आहे. एका चौकटीत तर दोन फोटो एकावर एक आले आहेत, कारण रोल पुढे सरकवायचे विसरून पुन्हा बटण दाबले गेले. पर्वतीच्या पायऱ्यांवर बसलेल्या मंडळींच्या अंगातून आमच्या वाड्याचा दिंडी दरवाजा आरपार दिसतो. फुकट गेला म्हणून त्या दिवशी कोणाला तरी शिव्या बसल्या असतील.

तासन्‌तास काहीही न करता एकत्र असणे हीच त्या मुलांची मुख्य करमणूक होती, आणि ती प्रसंगाच्या फोटोत येणे शक्यच नव्हते. काहीही न करण्याचा फोटो कोण काढणार? तो केवळ रोल संपवण्याच्या निमित्ताने निघाला. आज मोबाइलमध्ये चहाच्या कपाचेही पंधरा फोटो निघतात, तेव्हा हा भेद कळायला थोडा वेळ लागतो.

आता आत्याकडे वळतो. काकांच्या दोन्ही अल्बममध्ये आत्या दोनदाच दिसते, एकदा भाऊबिजेला ताम्हन घेऊन आणि एकदा तिच्या लग्नात. त्या काळच्या मुलींचे फोटो नसत असे नाही. पण मुलांचे गडावर निघत आणि मुलींचे तुळशीवृंदावनाजवळ, मंगळागौरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी झोपाळलेल्या डोळ्यांनी, किंवा स्टुडिओत खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, आणि तो फोटो कशासाठी काढला हे सर्वांना ठाऊक असे. कॉलेजच्या सहलीचा एक गट-फोटो आहे, कार्ल्याच्या लेण्यांपुढचा. डावीकडे मुली बसलेल्या, उजवीकडे मुले उभी, आणि मध्ये प्राध्यापक सपत्नीक. दोन राज्यांच्या सीमेवर चौकी असावी तसे ते दाम्पत्य तेथे बसले आहे.

सातव्या पाकिटातल्या एका चौकटीत काका आणि त्यांचे दोन मित्र संभाजी बागेत हिरवळीवर बसले आहेत. सूर्य पाठीशी ठेवण्याच्या नियमामुळे फोटो काढणाऱ्याची सावली पुष्कळदा चौकटीत येते. येथेही खालच्या बाजूने ती लांब पसरली आहे, कोपर बाहेर काढलेले, मान कॅमेऱ्यावर झुकलेली. त्या सावलीला दोन वेण्या आहेत.

मी तो फोटो मोबाइलवर घेऊन आत्याकडे गेलो. तिने तो दोन बोटांनी मोठा करून पाहिला आणि म्हणाली, “मीच ती. अण्णाला सगळ्यांबरोबर स्वतःचा फोटो हवा असायचा ना, मग काढणार कोण?” मी विचारले, “मग तू तेव्हा त्यांच्याबरोबर फिरायला जायचीस?” त्यावर ती म्हणाली, “फिरायला नाही रे. मला क्लासला सोडायला अण्णा यायचा, वाटेत बाग.” मग जरा थांबून तिने विचारले, “गच्चीवरचे सापडले का?”

ते सापडले होते, पण तिला ते दाखवावेत की नाही या विचारात मी होतो. तेराव्या पाकिटावर काकांच्या अक्षरात फक्त ‘मे १९६९’ एवढेच आहे आणि एकाही आकड्यासमोर खूण नाही. आतल्या बारापैकी सात चौकटींत शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर पाच मुली आहेत आणि पाचही जणींनी आपापल्या भावांच्या पँटी व शर्ट घातले आहेत. सावल्या पायाशी गोळा झालेल्या, म्हणजे वेळ ऐन दुपारची. घरातली मोठी माणसे जेवून आडवी झाल्यावरची. एकीने वेणी टोपीखाली खोचली आहे, एकीने ओठात पेन्सिल सिगारेटसारखी धरली आहे, साधना कट असलेली एक जण कठड्यावर पाय ठेवून कमरेवर हात घेऊन दूर पाहते आहे, आणि तिच्या डोळ्यांवर तोच, कल्याण दरवाजातला गॉगल आहे. पाचव्या चौकटीत कोणीतरी जिन्यात आल्याचा संशय आला असावा, कारण चौघींची तोंडे एकदम मागे वळलेली आहेत आणि पाचवी मात्र हसून वाकली आहे.

भावांचे कपडे घालून मैत्रिणींनी फोटो काढून घेणे हा प्रकार जगभरच्या जुन्या खासगी संग्रहांत आढळतो, तेव्हा आमच्या आत्याने काही अपूर्व केले असा माझा दावा नाही. मुलींची मौज मुलीनेच टिपण्याचे उदाहरण आपल्याकडे याच्याही बरेच आधीचे आहे. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या होमाई व्यारावाला यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकत असतानाच्या काळात आपल्या मैत्रिणींचे जे फोटो काढले, त्यांतला मोकळेपणा आजही पाहणाऱ्याला थबकायला लावतो. पण त्या शिकलेल्या छायाचित्रकार होत्या. येथे भावाकडून एका दुपारपुरता मागून घेतलेला सामाईक कॅमेरा होता आणि रोल धुणारा स्टुडिओवाला घराच्या ओळखीचा होता. त्याने तो रोल धुतला म्हणजे पाहिला असणारच. काकांनी पाकीट आणले म्हणजे त्यांनीही पाहिला असणार. एकानेही कोठे अक्षर काढले नाही. काकांनी प्रती काढल्या नाहीत, आणि निगेटिव्ह फेकूनही दिल्या नाहीत.

पुढची पाकिटे भरभर संपतात. नंतरच्या एका रोलचे इंदू छापाचे रिकामे खोके पाकिटांत राहून गेले आहे. १९६० साली स्थापन झालेल्या उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सने १९६७ पासून देशातच फिल्म बनवायला सुरुवात केली होती; इंदू हा त्यांचाच छाप. पँटींचे पाय हळूहळू रुंद होत जातात, कल्ले वाढतात, एक जण फोटोंतून नाहीसा होतो आणि मग अमेरिकेहून त्याचे रंगीत फोटो येऊ लागतात, कोणाच्या तरी लांबलचक मोटारीला टेकून, बर्फात, तोच कमरेवरचा हात. ते रंगीत फोटो आता सगळे तांबूस झाले आहेत, कारण त्या काळच्या रंगीत प्रतींतला निळसर रंग आधी उडतो. काळे-पांढरे फोटो त्या मानाने उत्तम टिकले, कडेला थोडी रुपेरी झाक आली एवढेच. ज्यांच्याकडे ऐंशीच्या दशकातले चिकट पानांचे, वर पारदर्शक प्लास्टिक असलेले अल्बम आहेत त्यांनी ते फोटो जमेल तितक्या लवकर, आणि ओढाताण न करता, त्यांतून सोडवून घ्यावेत. आमच्या घरच्या एका लग्नाचा अल्बम त्या गोंदाने कायमचा गिळला आहे. शेवटच्या पाकिटावर १९७४ आहे आणि त्या रोलवर आठच फोटो आहेत, पाळण्यातल्या माझ्या चुलत बहिणीचे. पुढच्या चौकटी कोऱ्या आहेत. रोल संपवण्याची वाट न पाहता धुवायला देण्याइतके पैसे तेव्हा काकांकडे आले होते.

गच्चीवरच्या साती फोटोंच्या मोठ्या प्रती मी काढून आणल्या आणि आत्याला नेऊन दिल्या. चष्मा पुसून, खिडकीशी उजेडात बसून तिने त्या एकेक करून पाहिल्या. गॉगल कोणाचा होता, असे मी विचारले, तर ते तिला आठवेना. अण्णाचा नव्हता, एवढे मात्र तिने ठामपणे सांगितले. मग कठड्यावर पाय ठेवलेल्या मुलीच्या फोटोवर बोट टेकवून ती म्हणाली, “हिचे पाय बघ. पँट-शर्ट सगळं जमलं, पण बूट कोणालाच होईनात. सगळ्या जणी आपापल्या चपलांवरच उभ्या आहोत.”